मल्टिमीटरने व्होल्टेज आणि विद्युतप्रवाह कसे मोजावेत

व्होल्टेज म्हणजे दोन बिंदूंमधील विभवांतर, तर विद्युतप्रवाह म्हणजे तारेच्या छेदातून दर सेकंदाला वाहणारा प्रभार. मोजण्याच्या पद्धतीही त्यामुळेच वेगळ्या आहेत.

सरावासाठी ९ व्होल्टची बॅटरी आणि तिला जोडलेला १००० ओहमचा रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारा घटक) पुरेसा आहे. मीटर डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) व्होल्टवर ठेवून त्याची टोके रेझिस्टरच्या दोन टोकांना समांतर लावावीत. परिपथ तोडावा लागत नाही आणि मूल्य ९ च्या आसपास येते. प्रवाहासाठी मात्र बॅटरी सोडवावी, मीटरची लाल तार मिलिअँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून मीटर डीसी मिलिअँपिअरवर न्यावा आणि परिपथ एका ठिकाणी तोडून तिथे तो एकसर (प्रवाहाच्या वाटेतच) जोडावा, म्हणजे बॅटरी पुन्हा लावल्यावर सगळा प्रवाह मीटरमधूनच जाईल व ओहमच्या नियमानुसार (प्रवाह = व्होल्टेज ÷ रोध) सुमारे ९ मिलिअँपिअर दिसेल. आता रेझिस्टर २००० ओहमचा घ्यावा: व्होल्टेज जवळजवळ तेवढेच राहते, प्रवाह निम्मा होतो. दोन्ही राशींमधील फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दिसतो.

अँपिअरवर ठेवलेला मीटर थेट बॅटरीच्या टोकांना कधीही लावू नये, कारण त्याचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने शॉर्टसर्किट होऊन फ्यूज उडू शकतो. घरातील वीजपुरवठ्यावर तर हा सराव मुळीच करू नये.