तो जाऊन आलाय की अजून जायचाय?

माझ्या कालप्रवासाच्या कथेचा पहिला खर्डा आत्याने डोंबिवलीहून भायखळ्याला जाताना लोकलमध्ये वाचला. कुर्ला यायच्या आत तिचा फोन. "अरे, याला स्फोटाचं आधीच ठाऊक आहे की नाही?"

नायक आजचा, लालबागचा. आजोबा गोदी कामगार. त्यांना वाचवायला तो १४ एप्रिल १९४४ला जातो, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला त्या दिवशी. प्रत्येक प्रकरणावर मी तारीख टाकली होती, तरी घोळ. कारण आत्याला साल कळत होतं. नायकाला त्या क्षणी काय माहीत आहे, ते कळत नव्हतं.

आता मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर दोन रेघा मारतो. वरची शहराची: १९४४, १९६४, आज. खालची नायकाची: प्रसंग त्याच्यावर ज्या क्रमाने ओढवले तो. तेच प्रसंग वर-खाली पेन्सिलीने जोडायचे. गुंता दिसला की एखादी फेरी सरळ कापायची. (माझ्या दोन कापल्या. एक फार लाडकी होती.)

मग दोन्ही रेघांना खुणा. शहराची खूण सोपी. ट्राम धावतेय म्हणजे ३१ मार्च १९६४च्या पुढे आपण गेलेलो नाही. कुणी 'नवा पैसा' म्हणालं, तर १९५७ उजाडलंय. 'चार आण्यां'वर मात्र विसंबू नका. आमच्या घरी ते परवापरवापर्यंत चालू होते.

नायकाची खूण त्याच्या अंगावर हवी. माझ्या नायकाचा डावा तळवा स्फोटात भाजतो. त्यामुळे १९६४च्या ट्राममध्ये तो रुमाल गुंडाळलेल्या हाताने दांडी धरतो, तेव्हा तो गोदीतून जाऊन आलाय हे सांगावं लागत नाही.

भूतकाळ बदलतो की नाही, तेही लवकर ठरवा आणि एखाद्या बारक्या वस्तूतून दाखवा. माझ्या कथेत बदलत नाही. पहिल्याच पानावर नायक चाळीच्या कठड्यावर कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवतो, लहानपणापासूनची सवय. १९४४मध्ये ती अक्षरं तोच कोरतो. एवढं पुरतं. शास्त्रज्ञ मित्राच्या तोंडी दोन पानांचं व्याख्यान होतं, ते गेलं.

दुसरा खर्डा आत्याने एका दमात वाचला. "कळलं सगळं. पण १९४४च्या हमालाला हा 'सीएसएमटी कुठे' विचारतो? बोरीबंदर म्हण रे!"