‘कर्तव्यात कसूर’ कधी लिहावे आणि कसे लिहावे

‘कसूर’ हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. हिंदीत त्याचा रोख अपराधाकडे असतो. मराठीत मात्र जे करण्यास आपण बांधलेले होतो, त्यात कमी पडणे म्हणजे कसूर. शेजाऱ्याने आपल्या कुंड्यांना पाणी घातले नाही, तर ती कसूर नव्हे; त्यासाठीच नेमलेल्या माळ्याने घातले नाही, तर ती कसूर होय. म्हणून हा शब्द लिहिण्यापूर्वी ते काम त्या व्यक्तीकडे सोपवलेले होते का, हे पाहावे.

खरा घोळ जवळच्या शब्दांत होतो. ‘हयगय’ म्हणजे घ्यायला हवी ती काळजी न घेणे, आणि म्हणूनच अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने वाहन चालवून’ असे लिहिलेले असते; तेथे ‘कसूर’ चालत नाही. ‘दिरंगाई’त काम होते, पण उशिरा. शासकीय कामातील विलंबाला आळा घालणारा महाराष्ट्राचा 2005 चा अधिनियम लोकांच्या तोंडी ‘दप्तर दिरंगाई कायदा’ झाला तो यामुळेच. एकाच कर्मचाऱ्याकडे नस्ती (म्हणजे फाइल) साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे तो सांगतो. ‘कुचराई’त अंग चोरण्याचा आरोप दडलेला असल्याने, हेतू दाखवता येत नसेल तर तो शब्द टाळलेला बरा.

‘कसर’ मात्र वेगळी. ‘प्रयत्नांत कसर ठेवली नाही’ हे बरोबर, पण ‘कर्तव्यात कसर केली’ हे चूक. (कपडे खाणारी कसर तर आणखीच निराळी.)

कसुरीचा विषय सप्तमीत ठेवावा: ‘कर्तव्यात कसूर’, ‘कर्तव्याची कसूर’ नव्हे. ‘कसूर केली’ आणि ‘कसूर केला’ अशी दोन्ही रूपे आढळतात. मी स्त्रीलिंगी रूप वापरतो, पण एका पत्रात एकच लिंग पाळले म्हणजे पुरे.

कारणे दाखवा नोटिशीत नुसते ‘आपण कर्तव्यात कसूर केली आहे’ असे लिहिणे मोघम ठरते, कारण खुलासा नेमका कशाचा करायचा हेच समोरच्याला कळत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधील नियम 3 कर्तव्यपरायणतेची अपेक्षा करतो, त्याचा उल्लेख करायचा असला, तरी आधी घटना लिहावी: ‘पीकनुकसानीचे पंचनामे शुक्रवारपर्यंत सादर करण्याचे लेखी आदेश असतानाही आपण ते सादर केले नाहीत, ही बाब कर्तव्यात कसूर ठरत असल्याने आपला लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’