एन्कोडर-काउंटरचं माप चुकतंय? या चुका टाळा

काउंटरवर १२०० मिमी दिसतंय, पण टेप लावली तर पत्रा ११९४ भरतोय. अशा वेळी पहिली चूक होते ती थेट नवा एन्कोडर (चाक फिरलं की काउंटरला पल्स, म्हणजे विजेचे ठोके, पाठवणारा सेन्सर) मागवण्याची. त्याआधी चूक कशी वाढते ते बघा. मशीनवर खूण करा, काउंटर शून्य करा, पुढे न्या आणि परत त्याच खुणेवर आणा. काउंटर शून्यावर आला, तर पल्स शाबूत आहेत, घोळ स्केल फॅक्टरमध्ये (एका पल्सला किती मिमी धरायचे त्या आकड्यात) आहे. दर फेरीला फरक वाढत गेला, तर पल्स गळतायत, जादा मोजले जातायत किंवा चाक घसरतंय. दिशा बदलल्यावर तेवढाच ठरावीक फरक येत असेल, तर कपलिंगचा (एन्कोडर शाफ्टला जोडणाऱ्या भागाचा) स्क्रू आणि गिअरची ढिलाई तपासा.

वरच्या पत्र्यातल्या फरकाचं कारण झिजलेलं चाक. परीघ २०० मिमी धरलाय, प्रत्यक्षात १९९ उरलाय. सहा फेऱ्यांत ६ मिमी गेले. दहा मीटर पत्रा सोडा, स्टीलच्या टेपने मोजा. जुना फॅक्टर गुणिले खरी लांबी, भागिले दिसलेली लांबी, हा नवा फॅक्टर. आकडा बरोबर दुप्पट किंवा चौपट येत असेल तर चाकाला हात लावू नका, काउंटरचं एक्स-१, एक्स-२, एक्स-४ सेटिंग (एका पल्सला एक, दोन की चार मोजायचे) बघा.

सावकाश चालवताना बरोबर आणि वेगात कमी? १००० पल्सचा एन्कोडर ३००० आरपीएमला सेकंदाला ५०,००० पल्स देतो. १० किलोहर्ट्झचा काउंटर ते मोजूच शकत नाही.

आता आपल्या किनाऱ्याचा खरा शत्रू. रत्नागिरी असो की कुडाळ, खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर धरतो आणि ए-बी (ज्या दोन चॅनलवरून दिशा कळते) पैकी एक चॅनल मधूनच गायब होतो. मग काउंटर पुढे जाण्याऐवजी जागच्या जागी एक-दोन आकडे खालीवर करत राहतो. पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. केबल वरून थेट ग्लँडमध्ये (केबल आत शिरते त्या सीलबंद तोटीत) उतरवू नका. आधी खाली झोळ द्या आणि मग आत घ्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातं. रात्री मशीन थंड झालं की एन्कोडर आत दमट हवा ओढतो, म्हणून पावसाळ्यात सील आणि ग्लँड घट्ट असणं फार महत्त्वाचं. शेडमध्ये व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर एन्कोडरची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून कधीच नेऊ नका. अंतर लांब असेल तर लाइन ड्रायव्हर आउटपुट (सिग्नल सरळ-उलट अशा जोडीने पाठवणारं) आणि पीळ दिलेली शील्डेड केबल घ्या. यावर केलेला खर्च वाया जात नाही.

लेथवर आकडा दुप्पट दिसला तर डीआरओ (जागा आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) डायामीटर मोडवर, म्हणजे त्रिज्येऐवजी व्यास दाखवायला लावलेला, आहे का ते बघा.

आणि पावसात लाइट जातेच. मेमरी असलेला काउंटर लाइट आल्यावर जुनाच आकडा दाखवतो, पण मधल्या काळात कुणी स्लाइड हाताने हलवली असेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही. इन्क्रिमेंटल (फक्त हालचालीचे पल्स देणाऱ्या) एन्कोडरला बंद असतानाची हालचाल कळत नाही. म्हणून लाइट आली की आधी होमिंग करा (मशीन ठरलेल्या मूळ जागी न्या), शून्य झेड पल्सवर (फेरीला एकदाच येणाऱ्या पल्सवर) घ्या आणि मगच कटिंग सुरू करा.