मिनिएचर की नॅरो गेज? इंजिन ओळखताना या चुका टाळा

मिनिएचर म्हणजे दुसऱ्या इंजिनाची छोटी, पण धावणारी प्रत; नॅरो गेज म्हणजे अरुंद रुळांसाठीच बांधलेलं खरं इंजिन. पहिली चूक टेप हातात घेतल्याबरोबर होते. रुळांमधलं अंतर मोजायचं आणि निकाल देऊन मोकळं व्हायचं: ६१० मिलिमीटर म्हणजे नॅरो गेज, ३८१ म्हणजे मिनिएचर. पण ३८१ मिलिमीटरच्या, म्हणजे १५ इंची रुळांवर दोन्ही जाती धावतात. इंग्लंडमधल्या रोम्नी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेचं १९२५चं 'ग्रीन गॉडेस' हे मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाचं सुमारे एक तृतीयांश रूप. ते मिनिएचर. रेव्हनग्लास अँड एस्कडेल रेल्वेचं 'रिव्हर अर्ट' मात्र मूळचं १८९४चं, सर आर्थर हेवूड यांनी बांधलेलं. ते कुणाचीच नक्कल नाही. माल वाहायला किती अरुंद रूळ पुरतील, याचा हेवूड यांना ध्यास होता. म्हणून मी त्याला नॅरो गेजच्याच घराण्यात बसवतो. टेपच्या आधी विचारा: हे इंजिन दुसऱ्या कुणाची छोटी प्रत आहे का?

दुसरी चूक, रुंदीकडे न बघण्याची. मोठ्या गेजचं इंजिन रुळांमधल्या अंतराच्या साधारण दुप्पट रुंद असतं आणि प्रतिकृतीतही जवळपास तेच प्रमाण उतरतं. नॅरो गेजचं इंजिन तिप्पटही रुंद असू शकतं. अंग रुळांबाहेर झुकलेलं दिसतं. फसगत होते ती नॅरो गेज इंजिनाचीच प्रतिकृती समोर आली की. तिच्यातही हे प्रमाण तसंच दिसतं.

तेव्हा केबिनकडे जा. माणूस लहान करता येत नाही, हीच सगळ्यात भरवशाची खूण. दार्जिलिंगच्या ६१० मिलिमीटरच्या 'बी' वर्गाच्या इंजिनात चालक आणि फायरमन केबिनमध्ये उभे राहून काम करतात, तर पुढच्या बफरपाशी बसलेली माणसं चढावर रुळांवर वाळू टाकतात. इंजिन माणसाच्या मापाचं आहे. 'ग्रीन गॉडेस'चा चालक टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात बसतो. १८४ मिलिमीटरच्या रुळांवरच्या इंजिनावर तर तो मागे दोन्ही बाजूंना पाय सोडून बसलेला दिसेल. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळीही बघा. ती फार बारीक केली तर पाणी आत चिकटून पातळी खोटी दिसते, म्हणून छोट्या इंजिनावर ती बाकीच्या मापाच्या मानाने जाडजूड वाटते.

'टॉय ट्रेन' या नावावरही जाऊ नका. दार्जिलिंगची गाडी खेळणं नाही, खरी नॅरो गेज रेल्वे आहे. आणि फोटोवरून ठरवायचं असेल तर शेजारी माणूस उभा असलेलाच फोटो निवडा.