हेक्समधला मराठी मजकूर ईपब करताना या चुका टाळा

जुन्या डेटाबेसचा एक्सपोर्ट, बंद पडलेल्या संकेतस्थळाचा बॅकअप, बिघडलेल्या हार्ड डिस्कवरून काढलेला डंप, वीस वर्षांपूर्वीचे मेल. अशा ठिकाणी मराठी मजकूर पुष्कळदा अक्षरांऐवजी हेक्सच्या, म्हणजे शून्य ते नऊ आणि ए ते एफ या सोळा चिन्हांच्या, जोड्यांत हाती येतो; अशी एक जोडी म्हणजे एक बाइट. तो उलगडून त्याचं ई-रीडरवर वाचता येईल असं पुस्तक, म्हणजे ईपब फाइल, करणं जमण्यासारखं आहे. पण बरेच जण थेट कॅलिबर हे ई-बुक रूपांतराचं सॉफ्टवेअर उघडतात आणि पानावर चौकोन किंवा चित्रविचित्र खुणा दिसल्या की फॉन्ट बदलत बसतात. दोष फॉन्टचा क्वचितच असतो. मजकूर बिघडतो तो हेक्स उलगडतानाच, आणि तिथे राहिलेली चूक पुढे कितीही रूपांतरं केली तरी दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात त्या टप्प्यावरच जास्त वेळ घालवला आहे.

हेक्समधली रोमन अक्षरं इथे ए, बी, सी, डी, ई, एफ अशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमनच हवीत.

एन्कोडिंग न ओळखताच उलगडणं

एन्कोडिंग म्हणजे कोणत्या अक्षरासाठी कोणते बाइट हा ठरलेला नकाशा. 'मराठी' हा शब्द युनिकोडच्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये असा साठवला जातो:

ई० ए४ एई · ई० ए४ बी० · ई० ए४ बीई · ई० ए४ ए० · ई० ए५ ८०

म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट. देवनागरीच्या मुख्य पट्ट्यातलं प्रत्येक चिन्ह 'ई० ए४' किंवा 'ई० ए५' ने सुरू होतं. तुमच्या हेक्समध्ये ही जोडी सतत दिसत असेल, तर यूटीएफ-८ आहे असं समजून पुढे जा.

तोच शब्द यूटीएफ-१६ च्या लिटल एंडियन (धाकटा बाइट आधी) क्रमात २ई०९ ३००९ ३ई०९ २००९ ४००९ असा दिसतो. दर दुसरा बाइट ०९. बिग एंडियनमध्ये ०९ आधी येतो. भारतीय मानकाच्या इस्कीमध्ये 'मराठी' फक्त पाच बाइटांत मावतो: सीसी सीएफ डीए बीई डीसी. इथे ई० ए४ ची जोडी नसते आणि बहुतेक बाइट ए० च्या वरचे असतात.

सुरुवातीचे बाइटही मदत करतात. ईएफ बीबी बीएफ म्हणजे यूटीएफ-८ ची खूण, एफएफ एफई म्हणजे यूटीएफ-१६ लिटल, एफई एफएफ म्हणजे बिग. ही खूण नसली तरी घाबरू नका, तिची सक्ती नाही.

काम हाती घेण्याआधी आणखी दोन गोष्टी शोधा. ३एफ ३एफ ३एफ अशी रांग म्हणजे नुसती प्रश्नचिन्हं, आणि ईएफ बीएफ बीडी म्हणजे 'वाचता आलं नाही' असं दाखवणारं बदली चिन्ह. हेक्समध्येच हे जागोजागी असेल तर मूळ अक्षरं आधीच नष्ट झालेली आहेत, कुठलंही साधन ती परत आणणार नाही. दुसरी प्रत मिळवा. हे पाच मिनिटांत कळतं. न बघता कामाला लागलात तर आठवडा जातो.

डंपमधला कचरा मजकूर समजणं

डंपमध्ये डावीकडे पत्त्याचा (बाइट कितवा आहे त्या आकड्याचा) रकाना असतो आणि उजवीकडे वाचनीय अक्षरांचा. एक्सएक्सडी या साधनाला नुसता 'वजा आर' पर्याय दिला तर ते हा पत्ता समजून घेतं. पण सोबत 'वजा पी' दिलं, की ते सगळं निव्वळ हेक्स मानतं आणि पत्त्यांचे आकडेही मजकुरात कालवतं. दर सोळा बाइटांनंतर तीन-चार विचित्र चिन्हं येत असतील तर कारण हेच. पत्ते असतील तर 'वजा आर', सलग हेक्स असेल तर 'वजा आर वजा पी'. विंडोजवर सर्टयूटिलचा डिकोडहेक्स पर्याय हेच काम करतो.

हेक्सडंप ही आज्ञा कॅपिटल सी पर्यायाशिवाय चालवली असेल तर ती दोन-दोन बाइट एकत्र दाखवते, आणि आपल्या नेहमीच्या संगणकांवर त्यांची अदलाबदल झालेली दिसते. ई० ए४ एई ई० ऐवजी ए४ई० ई०एई. अशा वेळी प्रत्येक जोडीतले बाइट उलटवून घ्यावे लागतात. याच साधनाची दुसरी खोड म्हणजे एकसारख्या ओळी आल्या की ते त्या गाळून एकच तारांकन छापतं. डंप नव्याने घेता येत असेल तर 'वजा व्ही' पर्याय द्या, म्हणजे सगळ्या ओळी छापल्या जातात.

शून्य-एक्स, उलटी तिरकी रेघ आणि एक्स, टक्केवारीचं चिन्ह, बरोबरचं चिन्ह असे उपसर्ग आधी काढा. बरोबरचं चिन्ह असेल तर तो मेलमधला कोटेड-प्रिंटेबल मजकूर. त्यात ओळीच्या शेवटचं एकटं बरोबरचं चिन्ह 'ओळ पुढे चालू' असं सांगतं, तेव्हा ते पुढच्या ओळ-बदलासकट काढायचं. शिवाय त्यात साधी रोमन अक्षरं जशीच्या तशी असतात, त्यामुळे सगळ्यालाच हेक्स समजू नका; पायथॉनच्या क्वोप्राय मॉड्यूलकडे सोपवणं उत्तम.

सगळी सफाई झाल्यावर हेक्स अंक मोजा. संख्या विषम आली तर कुठेतरी एक अंक गळला किंवा जास्त झाला आहे. याचं लक्षण ओळखीचं आहे: ई० ए४ एई ई० ए४ बी० मधला पहिला अंक गेला की उरतं ०ए ४ए ईई ०ए ४बी. ०ए म्हणजे नवी ओळ, ४ए म्हणजे रोमन जे, ४बी म्हणजे के. मजकुरात एका ठिकाणापासून पुढे ढीगभर नव्या ओळी आणि त्यांच्या सुरुवातीला रोमन जे, के दिसू लागले, तर त्या ठिकाणाच्या जरा आधी अंक हरवलाय. कागदावरून स्कॅन केलेल्या हेक्समध्ये हे फार होतं. शून्याचा ओ आणि आठचा बी होतो.

ओळ-ओळ उलगडणं आणि चुका गिळणं

डंपची प्रत्येक ओळ स्वतंत्र उलगडली की सोळा बाइटांच्या सीमेवर तीन बाइटांचं अक्षर मधोमध तुटतं आणि दोन्ही बाजूंना बदली चिन्हं उमटतात. आधी सगळे बाइट एका फाइलीत जोडा, मग एकदाच उलगडा.

पायथॉनमध्ये बाइट्सचं फ्रॉमहेक्स मोकळ्या जागा आणि ओळी चालवून घेतं. त्यानंतर डिकोड करताना चुकांसाठी 'इग्नोर' कधीही देऊ नका. काम विनातक्रार संपतं, पण वाचता न आलेली अक्षरं मुकाट गाळली जातात आणि पुस्तक हातात आल्यावर शब्द अर्धवट निघतात. 'स्ट्रिक्ट' ठेवा. ते कुठल्या बाइटवर अडखळलं ते नेमकं सांगतं, तिथेच जाऊन बघता येतं. फाइल लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. विंडोजवर ते गृहीत धरलं जाईलच असं नाही. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ मध्ये 'पेक्षा मोठं' चिन्हाने फाइलीत पाठवलेला मजकूर यूटीएफ-१६ होऊन बसतो, तेही लक्षात असू द्या.

मूळ यूटीएफ-१६ असेल तर उलगडण्याआधी बाइटांच्या पातळीवर काहीही गाळू नका. त्यात 'ठ' च्या पोटात २० आहे, जो एरवी मोकळ्या जागेचा बाइट. 'ऊ' च्या पोटात ०ए आहे, जो एरवी नवी ओळ. 'नको असलेल्या' ओळी काढायला गेलात तर ऊस आणि ऊन दोन्ही जातात.

दोनदा एन्कोड झालेला मजकूर

'म' साठी ई० ए४ एई ऐवजी सी३ ए० सी२ ए४ सी२ एई दिसलं, तर कुणीतरी यूटीएफ-८ ला विंडोज-१२५२ समजून पुन्हा यूटीएफ-८ केलं आहे. उपाय म्हणजे उलट प्रवास: यूटीएफ-८ म्हणून उलगडा, विंडोज-१२५२ मध्ये बाइट करा, परत यूटीएफ-८ म्हणून उलगडा.

मराठीत इथे एक मोठा खड्डा आहे. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. आणि पाय मोडण्याचं चिन्ह म्हणजे ई० ए५ ८डी, ऱ्हस्व उकार ई० ए५ ८१, झ ई० ए४ ९डी, ए ई० ए४ ८एफ, ऐ ई० ए४ ९०. म्हणजे जोडाक्षरं आणि उकारच नेमके त्या खड्ड्यात. कडक साधन तिथे थांबतं, ढिलं साधन तिथे प्रश्नचिन्ह टाकतं. पायथॉनची एफटीएफवाय ही लायब्ररी या पाच जागा सांभाळून उलट प्रवास करते. मात्र पहिल्या चुकीच्या वेळीच ते बाइट गळाले असतील, तर 'पुस्तक' चं 'पसतक' झालेलं शब्दकोश समोर ठेवून हातानेच सुधारावं लागेल.

उलगडल्यावर रोमन अक्षरांची रांग

बाइट बहुतेक ४१ ते ७ए मधले, मोकळ्या जागा योग्य अंतरावर, पण वाचावं तर निरर्थक रोमन अक्षरं: हा श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएमच्या जमान्यातला डीटीपी मजकूर. महाराष्ट्रातल्या छापखान्यांत अशा फाइलींचे ढीग आहेत. यात साठवलेले कोड अक्षरांचे नसतात, फॉन्टमधल्या आकारांचे असतात, आणि एका फॉन्टचा नकाशा दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी मूळ फाइलीतून फॉन्टचं नाव शोधा, मग त्याच फॉन्ट-कुळासाठी बनवलेला कन्व्हर्टर वापरा. ई-बुकात तो जुना फॉन्ट घालून वेळ मारून नेऊ नका; शोध चालणार नाही, शब्दकोश चालणार नाही, आणि वाचकाने फॉन्ट बदलला की सगळं परत रोमन.

रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा. या फॉन्टांत वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षरावरची वेलांटी, उदाहरणार्थ 'स्थिती' आणि 'शक्ति', ही सगळ्यात आधी चुकते.

सफाईच्या नावाखाली ऱ्य घालवणं

'दऱ्या' दोन प्रकारे लिहिलेला सापडतो. एकात ऱ हे स्वतंत्र चिन्ह असतं, ई० ए४ बी१. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि त्यापाठोपाठ न दिसणारा जोडक ई२ ८० ८डी. अदृश्य चिन्हं सरसकट पुसणारी स्क्रिप्ट चालवली की हा जोडक जातो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो. शुद्धलेखन तपासणी हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. आधी जोडकाचं रूप ऱ मध्ये बदलून घ्या, मग पुसायचं ते पुसा. पूर्ण मजकूर एनएफसी या युनिकोडच्या जोडलेल्या प्रमाण रूपात आणा. एनएफडी, म्हणजे सुटं केलेलं रूप, केलंत तर ऱ फुटून र आणि नुक्ता होतो आणि काही ई-रीडरवर खाली ठिपका दिसतो.

आता उलट बाजू: जे पुसायलाच हवं. ईपबमधली पानं एक्सएमएल असतात आणि एक्सएमएल १.० मध्ये २० च्या खालच्या बाइटांपैकी फक्त ०९, ०ए आणि ०डी चालतात. डॉसच्या फाइलीच्या शेवटी असणारा १ए, पान बदलणारा ०सी, डेटाबेसमधून आलेला ००, यांतला एक जरी राहिला तरी ते प्रकरण उघडत नाही. मात्र हे उलगडलेल्या मजकुरावर करा, हेक्सवर नव्हे.

कॅलिबरमध्ये

लुक अँड फील विभागात इनपुट एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहा, अंदाजावर सोडू नका. युनिकोडचं आस्कीत लिप्यंतर करणारा पर्याय बंद असल्याची खात्री करा, नाहीतर सगळं पुस्तक रोमन लिपीत येईल. टेक्स्ट इनपुटमध्ये परिच्छेदाची पद्धत मजकुराप्रमाणे निवडा: परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ असेल तर ब्लॉक, प्रत्येक ओळ हाच परिच्छेद असेल तर सिंगल.

प्रकरणं आपोआप सापडतील ही अपेक्षा ठेवू नका. कॅलिबर मूळ सेटिंगमध्ये इंग्रजी चॅप्टर, पार्ट असे शब्द शोधतो. 'प्रकरण तिसरे' त्याला कळत नाही. प्रकरणाच्या नावाआधी हॅश आणि एक जागा टाका, फॉरमॅटिंग मार्कडाउन निवडा आणि प्रकरण ओळखण्याच्या चौकटीत पहिल्या पातळीचं शीर्षक द्या. मार्कडाउनमध्ये चार जागा सोडून सुरू होणारी ओळ कोड समजली जाते, त्यामुळे कवितांच्या ओळींपुढच्या जागा आधी बघून घ्या.

ईपब हाताने बांधत असाल तर

ईपब ही झिप फाइल आहे, पण उजवी क्लिक करून झिप केलेली चालतेच असं नाही. माइमटाइप नावाची फाइल पहिली आणि न दाबलेली हवी. तिच्यात नेमके २० बाइट, शेवटी नवी ओळ नको, सुरुवातीला खूणही नको. झिपच्या आज्ञेत आधी ती एकटी शून्य दाबाने आणि कॅपिटल एक्स पर्यायाने घाला, मग बाकीचं. तपासायला परत हेक्स व्ह्यूअरच उपयोगी: पहिले चार बाइट ५० ४बी ०३ ०४, आणि (शून्यापासून मोजून) तिसाव्या बाइटपासून माइमटाइप हे नाव, अडतिसाव्यापासून त्यातला मजकूर सरळ वाचता यायला हवा.

भाषेचा कोड एमआर लिहा, पुस्तकाची माहिती असलेल्या ओपीएफ फाइलमध्येही आणि प्रत्येक पानाच्या मुळाशीही. हिंदीचा एचआय राहिला तर ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिले आहेत, तिथे हिंदी वळण दिसतं. फॉन्ट घालायचा असेल तर मुक्त परवान्याचे मुक्ता, नोटो सेरिफ देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. आकार कमी करायला फॉन्ट कातरताना जोडाक्षरांचे तक्ते काढून टाकले, तर 'प्रत्यक्ष' मधले पाय मोडके दिसू लागतात.

प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत एक्सएमएलची घोषणा आणि तीत यूटीएफ-८ लिहा. नियमाने ती ऐच्छिक आहे, पण सेंड टू किंडलने पाठवलेल्या पुस्तकात ती नसेल तर अक्षरं बिघडण्याची शक्यता असते, मग संगणकावर सुरेख दिसणारं पुस्तक किंडलवर खुणांनी भरून जातं. शेवटी ईपबचेक हे तपासणीचं साधन चालवा. त्याच्या इशाऱ्यांकडे एकवेळ नंतर बघता येईल, पण चुका शून्यावर आल्याशिवाय फाइल कुणाला पाठवू नका. आणि प्रत्यक्ष ई-रीडरवर निदान एवढं बघा: ज्ञ, क्ष, श्र, ट्र, ऱ्य आणि ॲ असलेले शब्द, एक कविता, आणि अनुक्रमणिकेतून शेवटच्या प्रकरणावर उडी.