हार्ट फेल्युअर: औषध लागू पडतंय की नाही हे ठरवताना या चुका टाळा

हार्ट फेल्युअरमध्ये हृदय रक्त नीट ढकलत नाही, अंगात पाणी साठतं. ते लघवीवाटे काढणारं लॅसिक्स दिलं, युरिन बॅग भरली, की 'गुण आहे' असं लिहून मोकळं व्हायचं, ही वॉर्डातली नेहमीची चूक. पोटात किती गेलं ते कुणी मोजलं? घरच्यांनी मधेच पाजलेली पेज नि चहा चार्टावर येतच नाही. म्हणून रोजचं वजन धरा: सकाळी, लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, तसल्याच कपड्यांत. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर पाणी. गोळी चालू असूनही तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर राउंडची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

सूज फक्त पावलांवर शोधू नका. झोपून असलेल्या रुग्णाचं पाणी कमरेखाली, माकडहाडापाशी उतरतं. पाय सडपातळ दिसले म्हणून फसायला होतं.

डिजॉक्सिन (हृदयाचे ठोके मंदावणारं औषध) देण्याआधी मनगटाची नाडी पंधरा सेकंद मोजून चारने गुणणंही चुकीचं. ठोके अनियमित असतील तर मनगटावर काही पोचतच नाहीत. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण मिनिट मोजा. साठच्या खाली असतील तर डोस थांबवून विचारा. मळमळ, अन्नावरची वासना उडणं, डोळ्यांना सगळं पिवळं दिसणं या डिजॉक्सिन जास्त झाल्याच्या खुणा असू शकतात, त्यांना 'अ‍ॅसिडिटी' म्हणून सोडू नका. डिजॉक्सिनच्या पातळीसाठी रक्त डोसनंतर निदान सहा तासांनी घ्या, नाहीतर आकडा फुगलेला येतो.

बीटा ब्लॉकरने (हृदयावरचा ताण कमी करणारं औषध) सुरुवातीला थकवा येतो, फायदा दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढ्यावरून 'उपयोग नाही' लिहिणं घाईचं. मात्र धाप नि वजन दोन्ही वाढत असतील तर कळवाच.

आणि औषधाला नावं ठेवण्याआधी ताट बघा. आपल्या गोव्यात पावसाळा आला की पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिन्नसांचा, डबा उघडतो: खारा बांगडा, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), मिस्कूट (कैरीचं लोणचं). 'मीठ कमी खाता ना?' असं विचारलं तर सगळेच 'हो' म्हणतात. त्यापेक्षा 'काल पेजेबरोबर काय घेतलं, आजी?' असं विचारा, खरं उत्तर मिळेल. गुडघ्यासाठी फार्मसीतून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळीही अंगात पाणी धरते. ती कुणी आपणहून सांगत नाही.

मीठ सोडलं म्हणून कुणी लो-सोडियम मीठ आणलं असेल, तर पाकीट वाचा. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिल ही रक्तातलं पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असताना ते धोक्याचं. शहाळ्याचंही तेच.