जुनी की नवी? आधी हातांना विचारा

स्पोर्ट्स कार निवडताना हॉर्सपॉवरचे आकडे बाजूला ठेवा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच वळणावळणाच्या रस्त्यावर चालवा. मी १९९० ची माझदा एमएक्स-५ आणि २०१६ ची अशाच पाठोपाठ चालवल्या. जुनीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पार्क करताना हात भरून यायचे, पण वळणात पुढची चाकं घसरू लागली की स्टिअरिंग हातात हलकं व्हायचं, आणि ते लगेच कळायचं! नवीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग अचूक आहे, पण तेवढं बोलत नाही. ब्रेक मात्र नवीचेच चांगले.

जुनीवर जीव जडला तर दाराखालचा पत्रा गंजलाय का बघा. टायरवरच्या चार आकडी कोडचे शेवटचे दोन आकडे टायर बनल्याचं वर्ष सांगतात, तेही वाचा. रोज पावसापाण्यात चालवणार असाल तर सरळ नवी घ्या.